सासूबाईंचं सागवानी कपाट, डुगडुगत्या खुर्च्या आणि जुना पाळणा: यातलं काय घरी दुरुस्त होईल?

ताई, तुम्ही विचारलंय की घरात बाळ येणार आहे, नवं फर्निचर घेणं सध्या परवडत नाही, तर सासूबाईंचं सागवानी कपाट, डुगडुगणाऱ्या जेवणाच्या खुर्च्या, गंजलेलं लोखंडी कपाट आणि यजमानांच्या लहानपणीचा रंगीत पाळणा यातलं काय काय घरच्या घरी नवं करता येईल. जवळजवळ सगळं करता येईल. माझे वडील सुतार, त्यामुळे ही कामं लहानपणापासून बघत आणि हाताने करत आले आहे. पण पाळण्याचं आधी सांगते, कारण तिथे घाई नको.

आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः चकचकीत पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं भरपूर असू शकतं. दात येताना मूल पाळण्याची कड हमखास चावतं, आणि शिशाचा परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो. ‘इतकं चालतं’ अशी त्याची पातळीच नाही. वरून नवा रंग दिला तरी कडा झिजल्या की खालचा रंग बाहेर येतो. आणि तो रंग घरात कोरडा घासणं तर सगळ्यात वाईट, कारण ती धूळ घरभर बसते आणि तुम्ही स्वतः या दिवसांत ती मुळीच श्वासात घेऊ नये. पाळणा आठवण म्हणून जपून ठेवा. बाळासाठी नुसतं पॉलिश केलेला लाकडी पाळणा नात्यात कुणाकडे माळ्यावर पडलेला असतोच, तो उसना आणा. लोक आनंदाने देतात.

आता कपाट. सागवान आहे म्हणताय तर कळकळीची विनंती, त्यावर पांढरा किंवा निळा ऑइलपेंट फासू नका. हल्ली ती पद्धत फार दिसते. सागाच्या रेषा एकदा रंगाखाली गेल्या की परत काढायला चौपट मेहनत पडते. बऱ्याचदा लाकूड ठणठणीत असतं, काळवंडलेलं असतं ते वरचं पॉलिश. कपाटाच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात, कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन पुसून बघा. बोळा चिकट, तपकिरी झाला तर ते जुनं लाखेचं पॉलिश आहे, आणि मग काम निम्म्यावर आलं. सगळं खरवडायची गरज नाही. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मेणचट थर पुसा, पूर्ण वाळू द्या, मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेनेच हलका हात फिरवा. आडवा हात मारलात तर ते ओरखडे पॉलिशखाली ठळक उठतात.

पॉलिश घरी तयार होतं. हार्डवेअरच्या दुकानात चपडा लाख मिळते. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम चपडा, झाकणबंद काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचा, अधूनमधून हलवायचा आणि सुती कापडातून गाळून घ्यायचा. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात कापूस बांधून गठडी करा, ती पॉलिशमध्ये भिजवून पिळा आणि न थांबता लांब हात ओढा. मध्येच थांबलात की तिथे गठडी चिकटते आणि डाग पडतो. थर पातळ हवेत, चार-पाच पातळ थरांनी जी झळाळी येते ती एका जाड थराने कधीच येत नाही. बारीक भोकं असतील तर घासताना पडलेला लाकडाचा भुसा याच पॉलिशमध्ये कालवून भरा. फेव्हिकॉलमध्ये कालवला तर तेवढा भाग पॉलिश पीत नाही आणि डाग दिसत राहतो. हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. दसरा झाला की होळीपर्यंतचे दिवस उत्तम. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅलरीत किंवा अंगणात, गॅसपासून लांब, आणि हे काम यजमानांनी करायचं, तुम्ही नाही.

जेवणाच्या टेबलाला मात्र लाखेचं पॉलिश नको, गरम पातेलं ठेवलं की पांढरा गोल उठतो. तिथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिशच लावा.

खुर्च्या डुगडुगतात म्हणून लोक पहिल्यांदा खिळा ठोकतात. तोच खिळा पुढे सांधा फोडतो. आधी खुर्ची सपाट फरशीवर ठेवून बघा, कधी कधी सांधे घट्ट असतात आणि एकच पाय आखूड असतो. सांधा ढिला असेल तर तो हलक्या हाताने, लाकडी ठोकळा मध्ये धरून ठोकत पूर्ण उघडा. जुना वाळलेला सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडून काढा. त्या सरसावर नवा फेव्हिकॉल धरत नाही, बहुतेक घरगुती दुरुस्त्या इथेच फसतात. लाकूड सुकलं की फेव्हिकॉल लावून सांधा बसवा. तरीही सैल वाटला तर लाकडाची पातळ पाचर फेव्हिकॉलमध्ये बुडवून सारा. मग चारही पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घ्या, त्यात काठी अडकवून पिळा आणि काठी आडव्या दांडीला अडकवा. सुतळीखाली कापडाच्या घड्या ठेवा म्हणजे वळ उमटत नाहीत. एक दिवस कुणालाही त्यावर बसू देऊ नका. क्लॅम्प विकत आणायची गरज नाही.

पायाखाली पिठासारखी ताजी भुकटी पडलेली दिसली तर लाकडात किडा आहे. किड्याचं औषध इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात सोडून मेणाने भोकं बुजवा, पॉलिशचं त्यानंतर. हेही तुम्ही करायचं नाही.

लोखंडी कपाटाचं दार घासत असेल तर रंगाआधी त्याचे पाय बघा. फरशी उतरती असली की सगळा सांगाडा तिरका होतो आणि दार अडकतं. एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवला की बहुतेक वेळा दार आपोआप सुटतं. हे कपाटही जुनं आणि रंगीत आहे, म्हणून शिशाचा तोच नियम इथेही: कपाट घराबाहेर नेऊन वॉटर पेपर पाण्यात भिजवून गंज घासायचा, तोंडाला मास्क, धुवून निघालेला गाळ पुसून पिशवीत बांधून टाकायचा. वाळल्यावर रेड ऑक्साइड प्राइमर, दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटचे दोन पातळ हात.

तुम्ही स्वतः करायचं काम म्हणजे साड्या. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या धुऊन धुऊन जितक्या मऊ होतात तितकं मऊ कापड दुकानात मिळत नाही. त्याची दुपटी करा: दोन पदर एकावर एक, कडेने दुमडून धावदोरा, आणि मध्ये उभे-आडवे टाके, म्हणजे धुतल्यावर पदर गोळा होत नाहीत. जरीचे काठ कापून बाजूला ठेवा, बाळाच्या अंगाला टोचतात. गाठी सगळ्या आत घ्या, बाहेर लोंबता दोरा ठेवू नका, बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. साधारण साडेपाच मीटरच्या साडीत दाराचे दोन पडदेही निघतात, वरची-खालची दुमड धरून. ते काठ तिथे छान दिसतील. रेशमी साडी मात्र आधी घडीवर ताणून बघा, चिरली तर तिचा पडदा एक उन्हाळाही टिकणार नाही.

कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून काय निघालं ते इथे कळवा. बोळा कोराच राहिला तर वर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे स्पिरिटने न विरघळणारं पॉलिश असण्याची शक्यता आहे, आणि ते काढायची रीत वेगळी आहे, ती लिहीन.