‘आई, मला घेऊन जा’ म्हणणाऱ्या मुलाला चिल्काहून परत आणू का?

‘मॅडम, आम्ही आटपाडी तालुक्यातले. थोडी डाळिंबाची बाग आहे, दोन खिलार गाई आहेत. मुलगा बारावी सायन्सनंतर नौदलात अग्निवीर म्हणून लागला आणि आता ओडिशात चिल्काला ट्रेनिंगला आहे. निवड झाली तेव्हा गावाने चौकात त्याचा फ्लेक्स लावला होता. जाऊन महिना होत आला. दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा रडला. म्हणाला, “आई, पाण्यात उतरायची भीती वाटते, पोरं हसतात, पाय लई दुखतात, मला घेऊन जा.” मालक म्हणतात परत आणू, कॉलेजला घालू. पण त्यांनीच त्याच्या पगाराच्या भरवशावर ट्रॅक्टरचं कर्ज काढायचं ठरवलंय. दीर मिलिटरीतून रिटायर झालेत. ते म्हणतात, फोनच उचलू नका, आपोआप सरळ होईल. मी काय करू? जाऊन भेटून येऊ का? शेवटच्या परेडला आई-वडिलांना बोलावतात, ते खरं का? – एक आई’

ताई, नमस्कार.

आधी थेट उत्तर देते. त्याला आणायला जाऊ नका. आणि दिरांचा अनुभव कितीही मोठा असला तरी फोन न उचलण्याचा सल्ला ऐकू नका. आठवड्याभराचं सगळं मनात साठवून पोरगा फोनच्या रांगेत उभा राहतो. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली तर तो सरळ होत नाही, फक्त बोलायचा थांबतो.

परत आणणं तसंही तुमच्या हातात नाही. अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षांची मुदत संपण्याआधी स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत, तेही वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मंजुरीनेच, सोडलं जातं. ही अट मालकांना समजावून सांगा. वडिलांनी फोनवर ‘जमत नसेल तर ये’ म्हटलं की मुलाला नसलेला दरवाजा दिसायला लागतो. मग त्याचं निम्मं लक्ष त्या दरवाजाकडे आणि निम्मं ट्रेनिंगकडे राहतं.

आता तो कुठे आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे फोनवर काय बोलायचं तेही सुचेल. आयएनएस चिल्का ही आस्थापना ओडिशाच्या खुर्दा जिल्ह्यात चिल्का सरोवराजवळ आहे. 1980 पासून नौदलाच्या खलाशांचं पायाभूत प्रशिक्षण तिथे होतं. देशभरातून अग्निवीर म्हणून निवडलेली मुलं-मुली तिथेच येतात. हे प्रशिक्षण साधारण 16 आठवड्यांचं असतं. ड्रिल, पीटी, पोहणं, बोट वल्हवणं, शस्त्र चालवणं आणि शिवाय वर्गातला अभ्यास. भाषा हिंदी आणि इंग्रजी. हवा दमट. तुमच्या आटपाडीच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या अंगाला तो घाम नवीन आहे. भोवती केरळ, हरियाणा, बिहार, आंध्रची मुलं आहेत. आपल्या बोलीत चार शब्द बोलायला माणूस मिळणं हासुद्धा नशिबाचा भाग. कपड्याची घडी, बुटाचं पॉलिश, पलंगावरची चादर या सगळ्याची तपासणी होते आणि चुकलं की शिक्षा मिळते. घरी ज्याचं ताट आजी उचलत होती, त्या मुलाला हे जड जाणारच.

साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात अशी पत्रं माझ्याकडे जास्त येतात. पहिले पंधरा दिवस नवलाईत जातात. मग थकवा साठतो, घर आठवायला लागतं आणि शेवट अजून दिसत नसतो. तुमचा मुलगा नेमका तिथे आहे. तो रडतोय ते फक्त तुमच्यापाशी, कारण बाकी दिवसभर त्याला रडायला जागा नाही. आईपाशी रडून मुलगा पुन्हा मैदानावर उभा राहत असेल तर तो ट्रेनिंग नीटच करतोय, असं मी समजते.

पाण्याच्या भीतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दुष्काळी भागातल्या मुलांची ही खरी अडचण आहे. कृष्णाकाठची पोरं लहानपणीच नदीत उड्या मारतात. तुमच्याकडे विहिरीला पाणी टिकतं किती महिने? तेव्हा पोहता न येणं हा त्याचा दोष नाही आणि नौदलालाही हे ठाऊक आहे. पोहणं तिथे पहिल्यापासून शिकवतात. न येणारा तो एकटा नाही. फक्त भीती लपवून मागच्या रांगेत उभं राहायचं नाही, एवढं त्याला सांगा. शिकवणाऱ्याला स्पष्ट म्हणायचं, ‘मला येत नाही, मला भीती वाटते.’ हसणारी पोरं आज हसतील. त्यातल्या कुणाला इंग्रजी जमत नसेल, कुणाला दोर चढता येत नसेल. महिन्याभरात ज्याची त्याची अडचण सगळ्यांना कळते आणि हसणं आपोआप कमी होतं.

पायदुखीकडे मात्र दुर्लक्ष नको. ताई, हे तुम्ही त्याला फोनवर नेमकेपणाने विचारा. दुखणं दोन्ही पायांत, सगळीकडे, आणि झोपून उठल्यावर कमी होणारं असेल तर तो थकवा. नडगीच्या हाडावर एकाच जागी, बोट ठेवलं की कळ येते आणि रोज वाढतंच चाललंय असं असेल तर ते वेगळं. कठीण जमिनीवर अचानक खूप धावणं आणि परेड सुरू झाली की हाडाला बारीक चीर पडू शकते. मुलं हे लपवतात. विश्रांती दिली तर ट्रेनिंगमध्ये मागे पडू, बरोबरची बॅच पुढे निघून जाईल, या धास्तीने दात-ओठ खाऊन धावतात आणि छोटी चीर मोठी करून घेतात. चिल्काला नौदलाचं स्वतःचं रुग्णालय आहे, आयएनएचएस निवारिणी. त्याला सांगा की दुखणं दाखवायला लाजू नकोस, बॅच पुढे गेली तरी चालेल, पाय महत्त्वाचा. असं आईनेच सांगितलं की त्याच्या मनावरचं ओझं उतरतं.

आणखी एक गोष्ट, तिच्यावर नीट लक्ष ठेवा. ‘मला घेऊन जा’ हे बोलणं निराळं आणि ‘माझा काही उपयोग नाही, मी नसलो तरी चालेल’ हे बोलणं निराळं. झोप पूर्ण उडाली आहे, जेवण तुटलं आहे, पूर्वी रडायचा तो आता काहीच बोलत नाही, असं जाणवलं तर वाट पाहू नका. प्रत्येक प्रशिक्षणार्थी एका डिव्हिजनमध्ये असतो आणि त्या डिव्हिजनचा एक अधिकारी असतो, डिव्हिजनल ऑफिसर. मुलांची विचारपूस हे त्याच्या कामातच येतं. पुढच्या फोनवर मुलाकडून त्याच्या डिव्हिजनचं आणि त्या अधिकाऱ्याचं नाव विचारून वहीत लिहून ठेवा. गरज पडली तर त्यांच्यापर्यंत पोहोचणं हीच योग्य वाट. घरी तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता फोन. तिथे मोबाइल मनाला येईल तेव्हा वापरता येत नाही, त्यामुळे आलेला फोन थोडक्यात आटपतो. घरातल्या सगळ्यांनी तो हिसकावून घेण्यापेक्षा एका वेळी एकानेच बोलायचं ठरवा. तो रडला तर रडू द्या. ‘अरे, सैनिक आहेस ना’ असं म्हणू नका आणि आपणही त्याच्याबरोबर हुंदके देऊ नका. थोडा शांत झाला की साधं विचारा: आज बोटीत कुठल्या बाजूला बसला होतास? शेजारच्या पलंगावर कुणाचा मुलगा आहे, कुठला आहे? अशा प्रश्नांनी तो आपोआप तिथलं सांगायला लागतो. दिरांना म्हणावं, तुमच्या वेळच्या गोष्टी त्याला ट्रेनिंग संपल्यावर सांगा. आत्ता त्याला तुलना सोसणार नाही.

चौकातला तो फ्लेक्स अजून लावलेला असेल तर कृपा करून उतरवून घ्या. गावाने प्रेमानेच लावला, पण मुलाच्या डोक्यात तो रोज उभा असतो. मागे फिरलो तर लोक काय म्हणतील, ही भीती ट्रेनिंगपेक्षा जड होते.

पत्रं लिहा. घरात कुणाला सवय नसली तरी लिहा. फोन संपला की संपतो, पत्र मात्र तो रात्री उशाखालून काढून पुन्हा वाचतो. त्यात उपदेश नको, घर येऊ दे. ‘तांबड्या गाईला खोंड झाला, कपाळावर पांढरा ठिपका आहे. बागेला पाणी सोडलं, मोटार परवा जळली होती, भरून आणली. आजी रोज तुझ्या फोटोला हात लावून मगच जेवते. तुझी सायकल धाकट्याने पंक्चर केली आणि मार खाल्ला.’ एवढं पुरे. घर जागच्या जागी आहे हे त्याला कळलं पाहिजे. घरातली भांडणं, आजारपणं, कर्जाची चिंता पत्रात घालू नका. ज्यावर तो तिथून काही करू शकत नाही, ते त्याच्यापर्यंत पोहोचवून उपयोग नाही.

यावरून ट्रॅक्टरचं बोलायलाच हवं. मालकांना हा भाग वाचून दाखवा. अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपये ठरलेले असतात, पण त्यातले 9,000 सेवा निधीसाठी कापले जातात. हातात 21,000 येतात. चौथ्या वर्षी 40,000 होतात, त्यातलेही 12,000 कापले जातात. कापलेल्या रकमेइतकीच रक्कम सरकार भरतं आणि चार वर्षांनी व्याज सोडून साधारण 10.04 लाख रुपये, आयकर न लागता, एकदम मिळतात. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांनाच पुढे नियमित सेवेत घेतलं जातं. म्हणजे ज्या मुलाचं पायाभूत ट्रेनिंगही अजून पूर्ण झालेलं नाही, त्याच्या पगारावर ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता बांधणं हे हिशेबात बसत नाही. आणि मला याहून मोठी काळजी वेगळीच वाटते. तो हप्ता मुलाला कळलेला असणार. पाण्यात उतरताना त्याच्या खांद्यावर ट्रॅक्टर आहे, ताई. तेवढा उतरवा. ‘तुझा पगार तुझ्या पुढच्या शिक्षणाला, बागेचं आम्ही बघतो’ हे वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. ते बोलले की मुलगा वेगळ्याच आवाजात बोलायला लागेल, बघा.

कॉलेजची त्यांची इच्छाही वाया जाणारी नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी पदवीचा अभ्यासक्रम आखला आहे. त्यात निम्मे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, सेवेतल्या प्रशिक्षणाचेच धरतात. चिल्कानंतर तो जी शाखा शिकेल तिचाही विचार आत्तापासून करता येईल. इंजिन विभागाचं शिक्षण आपल्या लोणावळ्यात आयएनएस शिवाजीला होतं, विजेचं जामनगरला आयएनएस वलसुराला. हे हुन्नर पुढे व्यापारी जहाजांवरही लागतं. नौदलातून बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना तिकडे वळता यावं म्हणून बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालयाने 2022 मध्येच योजना जाहीर केली आहे. चार वर्षांनी काय, हा प्रश्न तुमच्या घरात पुढे येणारच. त्याचं उत्तर तो कोणती शाखा किती मनापासून शिकतो यावर बरंच ठरेल. पण हे सगळं आत्ता फोनवर काढू नका.

भेटायला जाऊ का, असं विचारलंत. मधेच नको. मुलगा गेटपर्यंत येऊन पुन्हा आत जाईल तेव्हा त्याचा पहिला दिवस नव्याने सुरू होईल. परेडला मात्र जरूर जा. पासिंग आउट परेडला कुटुंबीय येतात. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची परेड 28 मार्च 2023 रोजी झाली. ती सूर्यास्तानंतर घेतली होती, सैन्यदलांत तसं प्रथमच झालं. साधारण 2,600 जण त्या दिवशी बाहेर पडले. त्यात 273 मुली होत्या. तुमच्या धाकटीला हे आवर्जून सांगा, घरात असेल तर.

तारीख मुलाकडूनच कळेल आणि आत यायचे नियमही तोच सांगेल. किती जणांना परवानगी, कुठली ओळखपत्रं, मोबाइल-कॅमेरा चालतो का, हे त्याच्याकडून विचारून घ्या. आधार कार्ड सगळ्यांची सोबत असू द्या. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख कळताच हालचाल करा. तुम्हाला सोलापूर सोयीचं. मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम करत जाते. प्रवास लांबचा आहे, आजींना न्यायचं तर खालचा बर्थ पाहूनच तिकीट काढा. परेडच्या आदल्या दिवशी तिकडे पोहोचलेलं बरं, गाडीला उशीर झाला तर सगळंच हुकेल. ‘तुमच्या मुलाच्या नावाने इतके पैसे भरा’ असा फोन कुणाचा आला तर एक रुपयाही देऊ नका, मुलाकडून खात्री करा. आणि आतले फोटो किंवा त्याच्या पुढच्या नेमणुकीची माहिती गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

परेड संपली की मुलगा आपल्याबरोबर घरी येणार, असं धरून चालू नका. पहिल्या तुकडीला परेडनंतर युद्धनौकांवर समुद्रातल्या प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. रजा मिळाली तर उत्तम, पण ती मंजूर झाल्याचं तो स्वतः सांगेपर्यंत सत्यनारायणाची तिथी काढू नका, मांडववाल्याला आगाऊ पैसे देऊ नका, मिरवणुकीचं तर कुणाला बोलूच नका. त्या दिवशी मैदानाबाहेर तो जेवढा वेळ भेटेल तेवढा तुमचा. त्याला आवडतं ते घरचं, टिकणारं काहीतरी करून न्या, दशम्या किंवा शेंगदाण्याची चटणी. जरा जास्तच न्या, कारण शेजारच्या पलंगावरच्या ज्या मुलाचे आई-वडील येऊ शकले नाहीत, त्यालाही तो तुमच्यापाशी घेऊन येईल.