रिकामा गाळा आणि चार लाख: किराणा, मोबाईल की आणखी काही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वडिलांनी घेतलेला 10 बाय 15 चा गाळा आहे. एसटी स्टँडवरून तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. भाडेकरू महिना 5,000 देत होता, तो सोडून गेला. तुम्ही चाकणची नोकरी सोडून गावी आलात, हातात चार लाख आहेत आणि किराणा, मोबाईल, झेरॉक्स-ऑनलाइन की कृषी सेवा केंद्र हे ठरत नाही. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, लिहिलंय की तुमचा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय आणि कंपनीत सगळी वर्षं मेंटेनन्सला होतात. मला विचाराल तर प्रश्नातली कामाची ओळ तीच आहे. पण त्याकडे नंतर येतो, आधी हिशोब.

"गाळा घरचा आहे, भाडं नाही" हे वाक्य डोक्यातून काढा. गाळा दुसऱ्याला दिला तर 5,000 येतात, म्हणजे तुमच्या धंद्याने ते आधी कमवायला हवेत. चार लाख एफडीत ठेवले तर सहा टक्क्यांनी महिना 2,000. तुम्ही सकाळी नऊ ते रात्री नऊ गल्ल्यावर बसणार, त्याची मजुरी कमीत कमी 15,000 धरा. हे झाले 22,000. वीज, कचरा-पाणी, गाडीभाडं, चहा धरून 25,000. इतके सुटले तर धंदा बरोबरीत आला, नफा त्याच्या वर.

आता हेच गणित किराण्याला लावा. ब्रँडेड मालात 8-10 टक्के, साखर-तेलात त्याहून खूपच कमी, सुट्ट्या मालात थोडं जास्त. सरासरी दहा टक्के सुटतात असं मोठ्या मनाने धरलं तरी 25,000 साठी महिना अडीच लाखांची विक्री लागते. रोजची आठ हजारांच्या वर, बाजाराचा दिवस असो की अमावस्या. दीडशे चौरस फुटांत, पहिल्याच वर्षी, आणि शेजारच्या जुन्या दुकानाची उधारीची वही जाडजूड असताना. त्या वहीत नाव असलेलं गिऱ्हाईक तुमच्याकडे कधी येतं? तिकडची उधारी थकली की. मग तो माणूस तुमच्याकडेही उधारीच करणार. किराणा वाईट नाही, पण त्याला घरातली दोन-तीन माणसं आणि खोल खिसा लागतो. तुमच्याकडे दोन्ही नाही.

मोबाईलच्या दुकानात हँडसेटवर फारसं सुटत नाही, कव्हर-चार्जरवर सुटतं. पण तो माल आता पोरं घरबसल्या मागवतात, आणि मॉडेल जुनं झालं की काउंटरमधला माल डेड. दुरुस्तीत पैसा आहे, पण ते हाताचं कौशल्य आहे, दुकानाचं नाही.

झेरॉक्स-ऑनलाइनचं आकर्षण समजतं, तहसील जवळ आहे. मशीन टाकून झेरॉक्स सुरू करता येईल. पण दाखल्यांचा खरा धंदा 'आपले सरकार सेवा केंद्रा'चा असतो आणि ते केंद्र जिल्हा प्रशासन अर्ज मागवून देतं, आपण ठरवून उघडत नाही. जून-जुलैत प्रवेशांच्या वेळी उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला यांची झुंबड असते, मग ओसरते. शिवाय हा धंदा जीआरवर चालतो. एक रुपयातला पीकविमा होता तेव्हा केंद्रचालकांना अर्जामागे शासनाकडून ठरलेली रक्कम मिळायची आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रांगा असायच्या. 2025 च्या खरिपापासून शेतकऱ्याला हप्ता भरावा लागू लागला आणि ती रांग आटली. जोडधंदा म्हणून ठीक. सगळा गाळा त्यावर लावू नका.

कृषी सेवा केंद्र तर सध्या सोडूनच द्या. बियाणं, खत आणि कीटकनाशक या तिन्हींचे परवाने वेगळे, आणि खत-कीटकनाशकासाठी शेतीचं किंवा तशा विषयाचं शिक्षण लागतं. नाहीतर 'देसी' नावाची एक वर्षाची पदविका आहे, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची. आयटीआयवर भागत नाही. ते झालं तरी जूनमध्ये दिलेल्या खत-बियाण्याचे पैसे सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाऊस दगा देऊन गेला तर पुढच्या साली. चार लाख पहिल्या पेरणीतच बाहेर जातील आणि तुम्ही दिवाळीपर्यंत फोन करत बसाल.

इथे मुद्दा उधारीचा नाही, गावात पैसा कधी येतो याचा आहे. दुधाच्या पट्ट्यात दर दहा दिवसांनी बिल होतं, तिथला बाजार वर्षभर हलता असतो. उसाच्या पट्ट्यात कायद्याने 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, देतात कधी ते कारखान्यांनाच विचारा. तुमच्याकडे सोयाबीन आणि हळद. म्हणजे दिवाळीच्या आसपास एकदा आणि हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन हिंगोली-वसमतच्या बाजारात गेल्यावर, मार्च ते मे, दुसऱ्यांदा. मधल्या महिन्यांत लोक फक्त त्याच गोष्टीला रोख काढतात जी थांबवता येत नाही: दवाखाना, शाळेची फी आणि जळालेली मोटर.

होय, मोटर. हळदीला मे-जूनच्या लागवडीला आणि मग पाऊस उघडल्यावर थेट हिवाळ्यापर्यंत पाणी लागतं, रब्बीचा गहू-हरभरा वेगळा. तेवढ्या काळात शिवारातल्या मोटारी कमी व्होल्टेजवर, रात्रीच्या पाळीला, ऑटो स्विच (वीज आली की आपोआप मोटर सुरू करणारा) लावून चालतात. सकाळी आठला शेतकरी दुचाकीवर मागे पोतं बांधून येतो, पोत्यात पाच एचपीची मोटर. तो "किती घेता?" असं आधी विचारत नाही, "कधी देता?" असं विचारतो. मोटर उघडली की जळक्या वार्निशचा वास येतो, आणि आत काही कॉइल कोळशासारख्या काळ्या तर शेजारच्या तांबूस, जवळपास नव्या. बघताक्षणी कळतं की एक फेज गेला आणि मोटर उरलेल्या दोनवर घुमत राहिली. इथेच तुम्ही त्याला ते दोन रंग दाखवायचे आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, विकायचा. दुसऱ्या दिवशी तो मोटर भरून, म्हणजे जळालेल्या कॉइल काढून नव्या तारेच्या बसवून, घेऊन जातो आणि पैसे देऊन जातो, कारण वाफ्यात पीक सुकतंय आणि पुढच्या वेळीही त्याला तुमच्याकडेच यायचंय. थोडी उधारी इथेही होईल. पण अडकली तर तुमची मजुरी आणि तार अडकेल, पोत्यांची थप्पी नाही.

मी स्वतः इलेक्ट्रिकल-हार्डवेअरमधला आहे, त्यामुळे माझा कल तिकडे झुकतो हे धरून चाला. पण चार लाखांत जो माणूस मोटर भरू शकतो, स्टार्टर दुरुस्त करू शकतो, बेअरिंग आणि बुश बदलू शकतो, त्याच्याशी कुठलंही ऑनलाइन दुकान स्पर्धा करत नाही. पावसाळ्यात मोटारी शांत असतात, तेव्हा फवारणीचे पंप सुरू होतात. बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली, वॉशर गेलेला, नोझल तुंबलेलं, चार्जर जळालेला. काम किरकोळ, पण दिवसाला पाच-सात येतात आणि सुटे भाग तुमच्याच काउंटरवरून जातात. समोरच्या चार फुटांत काउंटर, त्यात स्टार्टर, कपॅसिटर, केबल, फ्यूज, एमसीबी, बॅटरी. मागच्या भागात कामाचं टेबल. एवढ्याला दीडशे फूट पुरतात.

याला दोन अडचणी आहेत, त्या आधीच सांगतो.

पहिली, सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पुरवठादारावर पाच वर्षांची दुरुस्तीची जबाबदारी असते, म्हणजे नवीन सौर पंपांचं काम तुमच्याकडे लगेच येणार नाही. तुमच्या गावाभोवतीच्या दहा-बारा गावांत किती विहिरींवर पॅनल बसलेत ते फिरून बघा. निम्म्या शिवारात पॅनल दिसले तर हा बेत तसाच्या तसा राबवू नका, वायरिंग आणि घरगुती दुरुस्तीकडे झुका. दुसरी, तुमच्या गावात मोटर भरणारे आधीच असतील. त्यांच्याकडे किती गर्दी आहे हे विचारून कळत नाही. ऐन हंगामात, नोव्हेंबर-डिसेंबरात, ओळखीच्या एखाद्या शेतकऱ्याबरोबर जा. "चार दिवसांनी या" असं उत्तर मिळालं तर तुमच्यासाठी जागा आहे. "संध्याकाळी घेऊन जा" म्हणाले तर नाही.

आणि आयटीआय झालं म्हणजे मोटर भरता येते असं नाही. तुम्हाला सर्किट कळतं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) धरता येतो, पण स्लॉटमध्ये कॉइल बसवायचा वेग हाताला नाही. एक हंगाम नांदेडला एखाद्या वर्कशॉपमध्ये पडेल ते काम करा, पगार विचारू नका. आपल्याच गावात शिकायला जाऊ नका, उद्याच्या स्पर्धकाला कोणी शिकवत नाही आणि शिकवलं तरी अर्धवटच शिकवतं. तोवर गाळा अकरा महिन्यांच्या करारावर द्या, करार नोंदणीकृत करा.

कागदपत्रांचं फार काही नाही. दोन-चार माणसंच कामाला असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी फुकट असते, त्याचे पैसे मागणारा एजंट दिसला की उठा. वस्तू आणि सेवा दोन्ही विकणार, त्यामुळे जीएसटीसाठी वर्षाची 20 लाखांची मर्यादा लक्षात ठेवा. सध्या तुम्ही तिच्या आसपासही नसाल.

कर्जाबद्दल विचारलंत. मुद्रा कर्जात शिशु 50,000 पर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत. पीएमईजीपीचं, म्हणजे केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेचं, 15 ते 35 टक्के अनुदान ऐकायला गोड, पण ते तीन वर्षं बँकेत ठेवीसारखं अडकतं आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळतं होतं. अनुदान मिळतंय म्हणून धंदा निवडणारे मी बरेच पाहिलेत, त्यांचे गाळे आता भाड्याने आहेत. पहिल्या वर्षी कर्ज घेऊ नका. चार लाखांतले निम्म्याहून जास्त बँकेत राहू द्या. फर्निचर आणि फ्लेक्सवर खर्च शेवटी करा. काँट्रॅक्टर काच लावा म्हणेल, लावू नका, काचेच्या दुकानात चिखलाच्या पायांनी शेतकरी आत येत नाही.

विजेचं मात्र आधीच बघा. मोटर भरून झाली की टेस्ट करून द्यावी लागते आणि त्याला थ्री-फेज लागतं. तुमच्या गाळ्यात बहुधा सिंगल-फेज असेल, आणि जुन्या इमारतींत कधीकधी मीटर घरगुती दरातच राहिलेला असतो. बिलावर दराचा प्रकार छापलेला असतो, आजच काढून बघा. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि ती मागच्या बारा महिन्यांची निघू शकते. महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा की तुमच्या रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर व्यावसायिक थ्री-फेज जोडणी मिळेल का आणि कोटेशन किती येईल. तिथे नाही म्हणाले तर हा बेत त्या गाळ्यात जमणार नाही, दुसऱ्या जागेचं बघावं लागेल. तो आकडा कळला की इथे लिहा, मग तार आणि बेअरिंगच्या पहिल्या खरेदीची यादी देतो.