नाक मोकळे करणारी गोळी हिस्टामिनला रोखते का?

रत्नागिरीच्या पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली की नाक चोंदते. तेव्हा घेतलेली नाक मोकळे करणारी गोळी हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडते ते रसायन, थांबवते का, असे आपण विचारले आहे. थांबवत नाही. बुरशीच्या ॲलर्जीने मास्ट पेशींतून (शरीराच्या संरक्षक पेशींतून) सुटलेले हिस्टामिन नाकातील रक्तवाहिन्या रुंदावते, द्रव पाझरतो, अस्तर सुजते. अशा गोळीतील स्यूडोएफेड्रिन हे औषध अल्फा ग्राहींमार्फत (ग्राही म्हणजे पेशींवरील संदेश झेलणारे रेणू) त्याच रक्तवाहिन्या आकुंचित करते, मात्र शिंका आणि खाज तशीच राहते, कारण त्यासाठी हिस्टामिनचे एच-१ ग्राही अडवणारे सेटिरिझिनसारखे औषध लागते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे फेनिलेफ्रिन तर तोंडावाटे घेतल्यावर आतड्यातच बरेचसे निष्प्रभ होते; २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने ते परिणामकारक नसल्याचे एकमताने सांगितले. म्हणून पाकिटामागचे घटक वाचूनच गोळी घ्यावी, आणि रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.