शरणपूरची मुलं आणि टोकदार कमानी

प्रश्न : शरणपूर रोडवरून रोज ये-जा करते. तिथल्या मिशनमध्ये शिकलेल्या मुलांनी आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचं शव वाहून नेलं, असं सासरे सांगतात. खरं का? आणि जुन्या चर्चच्या खिडक्या इतक्या अरुंद, टोकदार का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, सासऱ्यांचं बरोबर आहे. ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास वसवली. ब्रिटिश आरमार समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांतून सोडवलेली काही आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे इथं आली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले. जेकबसह बरोबरच्यांनी त्यांचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबनं वाचली, झाडावर अक्षरंही त्यानंच कोरली. मीठ लावून उन्हात वाळवलेलं शव किनाऱ्यापर्यंत आणायला जवळपास नऊ महिने लागले. पुढं १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये दफनाच्या वेळी शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता! नाशिकच्या शाळांत हे नाव मुलांना कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. पुढच्याच वर्षी प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसवलं आणि इथली बरीच आफ्रिकन मंडळी तिकडं गेली.

आता खिडक्या. मी बांधकामात आयुष्य काढलेला ओव्हरसियर, तेव्हा कमानीपासून सुरू करतो. गोल कमान वजन बाजूंना जास्त रेटते. टोकदार कमान ते बरंचसं खाली उतरवते. म्हणून उघडी जागा अरुंद ठेवून उंच नेता येते. उरलेला रेटा घ्यायला भिंतीला बाहेरून दगडी टेकू देतात. ही गॉथिक धाटणी मध्ययुगीन युरोपची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती पुन्हा उचलली आणि जिथं गेले तिथं नेली. वेदी सहसा पूर्वेला, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र बहुधा दाराजवळ. आत शिरताना पंथात प्रवेश, हा त्यामागचा हिशेब.

पाहायला जाल तर रविवारची उपासना टाळून, पाळकांना विचारून जा. आणि मंडळीत कुणी ओळखीचं असेल तर एवढं कानावर घाला : चुन्यातल्या जुन्या दगडी भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरू नका. ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.