रक्तातलं आणि घरातलं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाबांना घरी सोडलं हे कळलं, बरं वाटलं. त्यांच्या गोळ्या, पथ्य, फेरतपासणी याबद्दल आईशी सविस्तर बोलले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. हे पत्र तुला आहे. परवा फोनवर तू म्हणालास, "आजोबा हार्टनंच गेले, मोठे काका पन्नाशीच्या आत गेले, आता बाबांना ५२व्या वर्षी झटका आला. आमच्या रक्तातच आहे काकू. मग मी भाजीत तेल कमी घालून काय होणार?" याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला पटलं नाही. तू २७ वर्षांचा आहेस. हा प्रश्न विचारण्याचं आणि त्याचं उत्तर उपयोगी पडण्याचं हेच वय.

तुझं जे खरं आहे ते आधी मान्य करते. वडील किंवा भाऊ यांना ५५च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आम्ही डॉक्टर तो घराण्याचा इतिहास गांभीर्यानं घेतो. तुझ्या घरात तो आहे. त्यातून आपण भारतीय उपखंडातली माणसं. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला एक मोठा अभ्यास आहे, २००४ साली प्रसिद्ध झालेला. त्यात पहिल्या झटक्याचं मधलं वय आपल्याकडच्या लोकांमध्ये ५३ निघालं आणि इतरत्र जवळपास ५९. झटका आपल्याला सहा वर्षं आधी गाठतो.

पण त्याच अभ्यासानं पुढचा प्रश्नही विचारला, की असं का होतं? तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायाम नसणं यांसारख्या नऊच घटकांत झटक्याच्या धोक्याचा ९० टक्क्यांच्या आसपास हिशेब लागतो, असं त्यात दिसलं. आणि आपल्या लोकांना झटका लवकर येतो तो मुख्यतः हे घटक आपल्याकडे लहान वयात गोळा होतात म्हणून.

आता तुमच्या घराकडे बघ. मी तुझ्या जन्माआधीपासून तिथे येते. आजोबांच्या कमरेला तंबाखूची चंची असायची. मोठे काका सिगारेटच्या पाकिटाशिवाय घराबाहेर पडत नसत, आणि बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून वर्षानुवर्षं बंद ठेवत. बाबा दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसून, दुपारी भडंग, संध्याकाळी भजी, रात्री दहाला जेवण. या तिघांचं रक्त एक होतं हे खरं, पण त्यांची कढईही एकच होती. घराण्यातून मुलाकडे गुणसूत्रं येतात, तशी जेवणाची वेळ येते, मिठाचा हात येतो, "पायी कशाला, गाडी काढ" ही सवय येते. रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसला की आपण सगळाच रक्ताच्या खात्यावर टाकतो. त्यातलं रक्तातलं किती आणि घरातलं किती, हे वेगळं करून बघायला मी तुला सांगते आहे.

रक्तातलं वाईट असतानाही घरातलं बदलून फरक पडतो का? २०१६ साली ५५ हजारांहून अधिक लोकांवरचा एक अभ्यास आला. त्यांच्या जनुकांवरून हृदयविकाराचा धोका आधी मोजला. ज्यांचा जनुकीय धोका सगळ्यात जास्त होता, त्यांच्यातही धूम्रपान न करणारे, लठ्ठ नसलेले, नियमित व्यायाम करणारे, बरं खाणारे (चारापैकी तीन गोष्टी जरी पाळल्या तरी) यांना हृदयविकार होण्याचं प्रमाण बाकीच्या बेफिकीर लोकांच्या मानानं जवळपास निम्मं होतं. अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचा होता, म्हणून आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नकोस. दिशा मात्र तीच आहे, आणि मी दवाखान्यात जे पाहत आले ते त्याच्याशी जुळतं.

तेव्हा सुरुवात तपासण्यांनी कर. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल (म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी), तीन महिन्यांची सरासरी साखर, बीपी. सोबत लायपोप्रोटीन-ए नावाची एक रक्ततपासणी आहे, ती आयुष्यात एकदा पुरते, कारण हा आकडा जवळजवळ पूर्णपणे जन्मतःच ठरतो आणि फारसा बदलत नाही. आपल्या लोकांमध्ये तो बऱ्याचदा जास्त असतो. तो ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर घाबरू नकोस. पथ्यानं किंवा पळण्यानं तो खाली येणार नाही, पण बाकीचे आकडे इतरांपेक्षा जास्त काटेकोरपणे खाली ठेवायचे, हे तुला आजच कळेल. बाबांना हे कळायला ५२ वर्षं आणि एक स्टेंट लागला. घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १९०च्या वर निघालं तर तो आनुवंशिक विकार असू शकतो. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो, आणि तिथे नुसत्या भाजी-भाकरीनं भागत नाही. औषध लागतंच.

कंबर टेपनं मोज. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० ही आपल्याकडची मर्यादा. तू सडपातळ आहेस म्हणून हे टाळशील, म्हणून पुण्याची एक गोष्ट सांगते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक आणि आतून चरबीचे असू शकतो. वजनकाट्यावर विसंबू नकोस.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरं काम इथेच आहे.

आईला विचार, तेलाचा डबा किती दिवस पुरतो? माणशी दिवसाला पाच छोटे चमचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, एवढं तेल पुरेसं आहे. त्या हिशेबानं चार माणसांच्या घरात १५ किलोचा डबा पाच महिने जायला हवा. तुमच्याकडे तो दीड महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज ८० ग्रॅमच्या वर तेल जातंय, आणि ते कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण ते आमटीच्या कटात, वांग्याच्या भाजीत, चटणीवर वाटलं जातं. घाण्याचं आहे म्हणून कितीही चालतं, असं नाही. लाकडी घाण्याचं शेंगतेल चांगलंच आहे, करडईचंही, पण चमचा तोच. तुपाचंही तसंच. देशी गाईच्या तुपाबद्दल तुझ्या फोनवर जे फिरतं ते सोड. तुपात निम्म्याहून जास्त संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, चरबी असते. वरणभातावर चमचाभर घे, पोळीला चोपडून वर पुन्हा वाटीत घेऊ नकोस. बेकरीतली खारी, बटर, टोस्ट ही तर घरातून काढूनच टाका. २०२२पासून कायद्यानं ट्रान्स फॅट या सगळ्यात घातक चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, ते चांगलं झालं, तरी वनस्पती तुपातली संपृक्त चरबी आणि मैदा जागेवरच आहेत. भज्यांचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरायचं, हेही थांबवा.

काय खाऊ नये याची यादी लवकर संपते. काय खावं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते तुझ्या आजीला पाठ होतं. ज्वारी-बाजरीची भाकरी. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, घेवडा, पावटा, तूर, मसूर. रोज दोन वेळा कुठलं ना कुठलं कडधान्य किंवा डाळ ताटात असू दे, पातळ पाणी नव्हे, दाट वाटी. त्यातला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताला धरून ठेवतो. पित्त कोलेस्टेरॉलपासून बनतं, म्हणून ते बाहेर गेलं की यकृत नवीन पित्तासाठी रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, जी मिळेल ती पालेभाजी, निम्मं ताट भाज्यांचं. जवसाची, कारळ्याची चटणी कर. जवसात ओमेगा-३ ही चांगली चरबी असते. मूठभर शेंगदाणे चालतात, खारे नकोत. मटण पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस. महिन्यातून एक-दोनदा, चरबी काढून, आणि तांबड्या रश्श्यावरची तर्री बाजूला करून. एरवी मासे किंवा अंडं.

मीठ दिवसाला एक छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत. जेवणात वरून घ्यायचं मीठ बंद केलं तरी पापड, लोणचं, फरसाण, पाकिटातले नूडल्स यांतून ते येतच राहतं. मिठाची सवय सुटायला दोन-तीन आठवडे लागतात, मग जिभेला कमी मीठच बरं वाटायला लागतं.

तू हिंजवडीला दहा-दहा तास खुर्चीत असतोस. लंडनच्या दुमजली बसचा एक जुना अभ्यास आहे, १९५३चा, जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांचा. एकाच कंपनीतले ड्रायव्हर आणि कंडक्टर. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिन्यावरून वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी दिसला, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. व्यायाम हृदयाला वाचवतो हे तिथून पहिल्यांदा नीट पुढे आलं. त्या कंडक्टरांनी जिमचे पैसे भरले नव्हते.

तू आठवड्याला किमान दीडशे मिनिटं झपझप चाल. झपझप म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललास तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हा वेगळा फायदा. असे महिना-दोन महिने झाले की चढण घे, जिने घे, थोडं पळ. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: सूर्यनमस्कार, बैठका, जोर, यातलं काहीही. स्नायू हीच साखर खपण्याची जागा आहे. जिममध्ये जायचं असेल तर जा, फक्त पहिल्या आठवड्यात कोणाशी चढाओढ करू नकोस, आणि ताकदीच्या नावाखाली मिळणाऱ्या पावडरी-इंजेक्शनांना हात लावू नकोस. एक गोष्ट आईला नक्की विचार: घराण्यात कोणी चाळिशीच्या आत, पळताना-खेळताना अचानक गेलं होतं का? असेल, किंवा तुला स्वतःला श्रमानं छाती भरून येत असेल, चक्कर येत असेल, तर आधी ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), मग व्यायाम.

तंबाखूबद्दल माझ्याकडे सवलत नाही. ऑफिसच्या खालची चहासोबतची एक सिगारेट असो की ओठाखालची चिमूट, दोन्हींनी झटक्याचा धोका वाढतो. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो. इतक्या लवकर इतका फायदा देणारी दुसरी गोष्ट माझ्या पेटीत नाही.

हे सगळं करून तीन-सहा महिन्यांनी एलडीएल खाली आलं नाही, तर मी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुचवेन. तेव्हा "एकदा सुरू केली की कायमची" म्हणून मागे हटू नकोस. पथ्यानं साधारण दहा-वीस टक्के उतरतं, त्याच्या पलीकडे शरीराची स्वतःची कोलेस्टेरॉल तयार करण्याची क्षमता आहे आणि ती तू वारशात घेतली असशील. गोळी घ्यावी लागली म्हणजे तू कुठे कमी पडलास असं नाही. रक्तवाहिनीवर परिणाम होतो तो किती एलडीएल किती वर्षं वाहिलं याचा, आणि तू बाबांपेक्षा पंचवीस वर्षं आधी सुरुवात करतो आहेस.

घरात सगळ्यांना सांगून ठेव: छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं झालं की "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसायचं नाही. १०८ला फोन आणि ईसीजीची सोय असलेलं जवळचं रुग्णालय. बाबा वाचले ते आईनं वेळ घालवला नाही म्हणून.

दिवाळीला येशील तेव्हा रिपोर्ट घेऊन ये, आणि ताईलाही आण. फोनवर तू फक्त घरातल्या पुरुषांचीच नावं घेतलीस. ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली तरी वडील तेच आहेत. बायकांमध्ये त्रास बऱ्याचदा दम, प्रचंड थकवा, पाठ-जबड्याची दुखी अशा रूपात येतो आणि कामाचा शीण म्हणून सोडून दिला जातो. तिला बाळाच्या वेळी बीपी वाढलं होतं. ज्यांना ते वाढतं त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो, पण बाळंतपण झालं की कोणी ते पुन्हा विचारत नाही. तिची ती जुनी फाइल सापडली तर सोबत आणायला सांग.

तुझी,
डॉक्टरकाकू