वयाच्या नावावर किती खपवायचं?

या महिन्यात पत्रांचा नुसता पाऊस पडलाय, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत रिपोर्टचे फोटो. ठळक अक्षरातला आकडा दिसला की माणूस घाबरतो, हे लॅबमध्ये तीस वर्षं बसून बघितलंय. चार प्रश्न घेतेय, बाकीच्यांची उत्तरं त्यातच कुठेतरी सापडतील.

प्रश्न : ताई, वय ६१, बँकेतून रिटायर, इंदूरच्या सुदामानगरला राहतो. मुलाने पुण्याहून ऑनलाइन पॅकेज बुक केलं, ७२ टेस्ट, रविवारी सकाळी ७ ला पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६८, उपाशीपोटी शुगर १०८, एचबीए१सी (सरासरी साखर) ६.१, ईएसआर (शरीरातल्या सुजेचा अंदाज) २८, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ७६ (क्रिएटिनिन १.१). सकाळी फिरायला येणारी मंडळी म्हणतात, "भिया, उम्र का तकाज़ा है", म्हणजे वयाने होतंच. सौ. म्हणते सराफा बाजारातलं रात्रीचं खाणं बंद करा. खरं कोणाचं?

उत्तर : काका, दोन आकडे वयाचे आणि तीन सराफ्याचे, म्हणजे वहिनी ३-२ ने जिंकल्या.

आधी वयाचे घेऊ. ईजीएफआर कोणी मोजत नाही, तो क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून फॉर्म्युल्याने काढतात. तुमचं हेच १.१ क्रिएटिनिन पंचवीस वर्षांच्या मुलाचं असतं तर त्याच फॉर्म्युल्याने ९५ च्या आसपास आलं असतं. चाळिशीनंतर हा आकडा साधारण वर्षाला एकाने उतरत जातो, काळजी कधी, तर ६० च्या खाली जाऊन तीन महिने तिथेच राहिला किंवा लघवीत प्रोटीन जायला लागलं तर. ईएसआरचं पण तसंच. लॅबवाले सगळ्यांना एकच रेंज छापतात, पण आमचा जुना हिशोब असा की पुरुषांमध्ये वयाचं निम्मं म्हणजे वरची हद्द, तुमचे ३० होतात, तुम्ही २८ वर. सोडून द्या.

आता ट्रायग्लिसराइड. रक्त रविवारी सकाळी ७ ला दिलंत, आणि तुमच्याच पत्रात खाली लिहिलंय की शनिवारी रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात गेला होतात, भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), वर रबडी, घरी यायला साडेबारा. म्हणजे उपास जेमतेम साडेसहा तासांचा, आणि तोसुद्धा तुपातल्या जेवणानंतरचा! ट्रायग्लिसराइड हा सगळ्यात चंचल आकडा, आदल्या रात्रीचं जेवण, दारू, गोड, सगळं त्यात उतरतं. दोन-तीन दिवस घरचं नेहमीचं जेवा, मग दहा-बारा तास पोट रिकामं ठेवून परत करा, २६८ बरंच खाली आलेलं दिसू शकतं. उपाशीपोटीच्या शुगरचीसुद्धा तेव्हाच परत खात्री करून घ्या.

एचबीए१सी मात्र एका रात्रीत फसत नाही. लाल पेशी जवळजवळ १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांत तिला जी साखर चिकटते तिचा हा हिशोब आहे, त्यामुळे ६.१ हा शनिवारचा नाही, गेल्या दोन-तीन महिन्यांचा आकडा आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. वयाबरोबर हा आकडा डायबिटीस नसलेल्यांतही किंचित सरकतो हे खरंय, पण ६.१ त्या नावावर खपवू नका. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच टार्गेट होतं, त्या गटात नव्याने डायबिटीस होणाऱ्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठी ओलांडलेल्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी. तकाज़ावाल्यांना सांगा हे! फक्त चालणं म्हणजे चालणं, मेघदूत बागेत दोन चकरा मारून पोहे-जलेबीच्या ठेल्यावर पाऊण तास उभं राहणं त्यात धरत नाहीत.

आणि ७२ टेस्टबद्दल. नॉर्मल रेंज अशी आखतात की निरोगी माणसांतले ९५ टक्के त्यात बसतात, म्हणजे ठणठणीत माणसाचाही प्रत्येक टेस्टला पाच टक्के चान्स असतो बाहेर पडायचा. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर किमान एक ठळक यायची शक्यता ६४ टक्के होते. ७२ चं तुम्हीच बघा, बँकेत होतात.

प्रश्न : वय ५१, रामबाग. पाळी बंद होऊन दीड वर्ष झालं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ चं १४६ झालं, खाण्यात काडीचा फरक नाही, तेल मोजून आणते. सासूबाई म्हणतात तू चोरून सेव खातेस. आणि एचबीए१सी ५.९ पण आलाय, हिमोग्लोबिन ९.६.

उत्तर : सेव खात असाल-नसाल (इंदुरात राहून कोण नाही खात), पण या वाढीचं मुख्य कारण ती नसावी. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं काम लिव्हर करतं आणि इस्ट्रोजेन त्याला हातभार लावतं, पाळी थांबली की तो हातभार कमी होतो. म्हणून बऱ्याच बायकांचं एलडीएल याच दोन-चार वर्षांत चढतं, ताट तेच असलं तरी. पण आधी टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट करा, थायरॉइड सुस्त असला तरी एलडीएल वाढतं आणि ते सापडायचं राहून जातं. कारण वयाचं निघालं म्हणून आकडा निरुपद्रवी होत नाही, रक्तवाहिनीला काय कळतंय तो कशाने वाढला. बीपी, शुगर, घरातला हार्टचा इतिहास हे सगळं धरून डॉक्टरांशी बोला.

एचबीए१सीवर मात्र आत्ता विश्वास ठेवू नका. हिमोग्लोबिन ९.६ आणि त्यामागे लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटाच थोडा जास्त दिसतो. आधी फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी१२ बघा. आणि पाळी बंद असताना रक्त इतकं कमी का, हा प्रश्न मला एलडीएलपेक्षा मोठा वाटतो, लोह कमी निघालं तर पोटातून कुठे रक्त जातंय का ते तपासायलाच हवं, टाळू नका.

प्रश्न : मुलगा २९, रोज जिम. क्रिएटिनिन १.४, एसजीओटी (लिव्हरच्या रिपोर्टमधला आकडा) ८८. किडनी आणि लिव्हर दोन्ही गेलं का?

उत्तर : नाही हो, बहुतेक पायांचा व्यायाम जोरात झालाय. क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, जास्त स्नायू तर जास्त, वर डब्यातली क्रिएटिन पावडर घेत असेल तर अजून. एसजीओटी स्नायूंतही असतं. पाच-सात दिवस जिम आणि पावडर बंद, मग दोन्ही परत करा, सोबत सीपीके (स्नायूंसाठी), जीजीटी (लिव्हरसाठी) आणि लघवीतलं प्रोटीन. क्रिएटिनिनची शंका उरलीच तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी टेस्ट, त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नसतो. मात्र लघवी चहाच्या रंगाची दिसली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : वय ५२. एका ॲपने रक्तावरून 'शरीराचं वय' ६० सांगितलं. पत्नीला अजून सांगितलं नाही. केसांसाठी गोळ्या घेतोय त्याचा संबंध असेल का?

उत्तर : असे हिशोब खरंच आहेत, २०१८ सालचा एक प्रसिद्ध आहे, त्यात खऱ्या वयासोबत अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, शुगर, सीआरपी (सूज दाखवणारा आकडा), पांढऱ्या पेशी वगैरे नऊ आकडे घालतात. तुमच्या ॲपने नक्की काय घातलं ते ॲपलाच ठाऊक. पण या नऊमध्ये सीआरपी आहे, तो सर्दी-तापात, दाढ सुजली तरी चढतो, आणि सिगरेटने कायमच थोडा वर राहतो, पांढऱ्या पेशी पण. सर्दी असताना रक्त दिलं असेल तर आठ वर्षं तिथेच गेली असतील. सिगरेट ओढत असाल तर ॲपला पैसे कशाला दिलेत?

गोळ्यांचं विचारलंत ते बरं केलंत. केसांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. आणि पत्नीला सांगून टाका, रिपोर्ट घरातल्या प्रिंटरवर काढलाय म्हणता, म्हणजे त्यांनी वाचलाच असणार.