पावसाळ्यापूर्वीची तयारी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे घर चिपळूणच्या बाजारपेठेलगत आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजला पाण्याखाली गेला आणि आम्ही दोन दिवस माळ्यावर काढले. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत व इन्सुलिन घेतात. तेव्हापासून दरवर्षी मे अखेरीस बॅटऱ्या, मेणबत्त्या, कोरडा खाऊ असे सारे भरून ठेवते. तरीही आभाळ भरून आले की तयारी अपुरी वाटते. नेमके काय राहून जाते आहे?

उत्तर: आपल्या यादीत सामान आहे, पण निघायचे केव्हा हे ठरलेले नाही. त्या दिवशी घाटमाथ्यावर रात्रभर कोसळलेले पाणी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांतून शहरात उतरले. पौर्णिमा दोन दिवसांवर असल्यामुळे खाडीला उधाण होते, आणि भरतीच्या वेळी खाडी नदीचे पाणी पोटात घेत नाही हे चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून हवामान खात्याने जिल्ह्याला लाल इशारा दिला असेल, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पावसाची शक्यता असेल, आणि पंचांगात अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ आली असेल, तर सासूबाईंना त्याच दिवशी, उजेड असतानाच, उंचावरच्या नातेवाइकांकडे पोहोचवावे. पाणी न येता त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या, तर फेरी फुकट गेली असे घरात कोणी म्हणू नये. एकदा असा टोमणा मारला गेला की पुढच्या वेळी ज्येष्ठ माणसे जागची हलत नाहीत.

जे घरी थांबतील त्यांच्यासाठी एक खूण आधीच पक्की करावी. गल्लीतील एखादी पायरी किंवा कठडा निवडून, पाणी तिथे पोहोचले की सामान उचलण्याचे थांबवून सगळ्यांनी वर जायचे, असे लहान मुलांसकट सर्वांना सांगून ठेवावे. फ्रीज आणि धान्याच्या कोठ्या वाचवण्याच्या नादात माणसे अडकतात. विजेचा मुख्य स्विच पाणी उंबऱ्याशी येण्याआधी, कोरड्यात उभे राहून बंद करावा. पाय पाण्यात असताना त्याला हात लावू नये. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावावी आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधावा, कारण भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो आणि वाहत जाऊन भिंतींवर आपटतो. आपल्या यादीतील मेणबत्त्या मात्र मी काढून टाकीन. पुरानंतर गॅस कुठे साचला असेल याचा भरवसा नसतो; बॅटरीचाच उजेड बरा.

इन्सुलिनबाबत डॉक्टरांशी आताच बोलून पावसाळ्यात जादा साठा हाताशी ठेवावा. वीज गेल्यावर फ्रीज निरुपयोगी ठरतो. अशा वेळी कुपी कोरड्या डब्यात बंद करून तो डबा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवता येतो. बर्फाला ती थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड, पासबुक, विम्याची आणि घराची कागदपत्रे एका जाड प्लॅस्टिक पिशवीत ठेवून त्यांचे फोटो गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवावेत. नळाला पाणी असेतोवर माळ्यावरच्या कळश्या आणि पिंप भरून घ्यावेत; पुरात चहूकडे पाणी असते आणि प्यायला थेंब मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याची घाई होते, पण पंचनाम्यासाठी आधी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरील पाण्याच्या रेषेचे फोटो काढावेत. गाडी पाण्यात बुडाली असल्यास ती सुरू करून पाहू नये. इंजिनात पाणी ओढले जाऊन नुकसान वाढते. चिखलात उतरताना गमबूट घालावेत आणि पायाला जखम असल्यास लेप्टोस्पायरोसिसच्या (दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांविषयी आरोग्य केंद्रात विचारावे. अडचणीत ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावेत, कारण फोनची बॅटरी संपली की पाठ नसलेले क्रमांकही जातात.

प्रश्न: निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनमधील आमच्या घराची कौले उडाली. आता पत्रे घातले आहेत. वादळाच्या दृष्टीने पत्रे सुरक्षित आहेत का?

उत्तर: घट्ट बसवलेले असतील तरच. ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर वाऱ्याचे झोत ताशी सुमारे १२० किलोमीटरचे होते. असा वारा पत्रा दाबत नाही, तर कडेखालून शिरून वर उचलतो. त्यामुळे वळचणीच्या आणि कोपऱ्यांच्या बाजूला हुक जवळजवळ बसवून गंजलेले दरवर्षी बदलावेत. सुटलेला पत्रा कौलापेक्षा कितीतरी घातक असतो. घरावर झुकलेल्या माडांच्या सुक्या झावळ्या आणि नारळ मे महिन्यातच पाडून घ्यावेत. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले, तेव्हा एटीएमवर विसंबू नये आणि थोडी रोकड घरात असावी. आणखी एक गोष्ट: वादळाचा मध्य माथ्यावरून जाताना वारा एकाएकी पडतो आणि लोक पडझड पाहायला अंगणात येतात, थोड्याच वेळात तोच वारा उलट्या दिशेने सुटतो. म्हणून वादळ पुढे सरकल्याची अधिकृत सूचना मिळेपर्यंत दार उघडू नये.